कळमनुरीच्या दोन खोल्या

कळमनुरीत माझ्या नावावर दोन खोल्या होत्या. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, वर टिनपत्रे, पुढं लांबट ओसरी, मागं न्हाणी. मी तेव्हा जवळच्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. माझ्या पगारातून आणि माहेरच्या पाटल्या मोडून त्या घेतल्या होत्या. खरेदीखतावर नाव माझं एकटीचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात ही गोष्ट माझ्या डोक्यातून एक दिवसही गेली नाही.

नवरा पाटबंधारे खात्यात कारकून होता, सिद्धेश्वरच्या कालव्याच्या ऑफिसात. सहा वर्षं आम्ही त्या खोल्यांत काढली. मग माझी बदली हिंगोलीजवळच्या शाळेत झाली, मुलाला हिंगोलीच्या हायस्कुलात घातलं आणि आम्ही तिथं भाड्याच्या घरात राहायला गेलो. म्हणजे हिंगोलीत आम्ही भाडेकरू आणि कळमनुरीत मी घरमालकीण, असा प्रकार सुरू झाला.

कळमनुरीच्या खोल्यांसाठी पहिलं माणूस आलं ती एक बाई. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती. तांडा कळमनुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर, नवरा तिथं कोरडवाहू शेती बघायचा, आणि ही दोन मुलींच्या शाळेसाठी गावात राहणार होती. शेजारणीनं तिला माझ्याकडं आणलं आणि तिच्यादेखतच म्हणाली, "तांड्यावरली हाय, पण बाई चांगली हाय." तो 'पण' मी ऐकला. बाईनंही ऐकला असणार. ती ओसरीत उभी राहून पत्र्याकडं बघत होती. मग म्हणाली, "हितं गळत असंल पावसात. मी डांबर लावून घेईन."

मला ते आवडलं. आणि खरं सांगायचं तर, थोडं खटकलंही. अजून भाडं ठरलं नव्हतं आणि ही घर दुरुस्त करायला निघाली होती.

पहिली तीन-चार वर्षं काही तक्रार नव्हती. भाडं वेळेवर यायचं. कधी मी जायचे, कधी आमचे हे नांदेडकडं काम निघालं की वाटेत उतरून आणायचे. तिनं पत्र्याला डांबर लावलं, भिंतींना चुना दिला, न्हाणीपुढं दोन फरश्या बसवल्या. मी म्हटलं, खर्च भाड्यातून कापून घे. ती म्हणाली, "असू द्या बाई. राहतो तिथं करावंच लागते."

घरी येऊन मी हे कौतुकानं सांगितलं. त्या दिवशी माझे मोठे दीर आले होते. ते गोरेगावला असतात, घरची शेती आणि बाजारात कापडाचं छोटं दुकान. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"भाडेकरू काहून करते हो घराचं एवढं?" ते म्हणाले. "इचार करा जरा. उद्या म्हणंल, भिंती माझ्या, फरशी माझी. दहा वर्षं राहिली की कूळ लागते."

मी शिक्षिका. कुळाचा कायदा शेतजमिनीचा असतो एवढं मला कळत होतं. तरी ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. पुढच्या महिन्यात भाडं आणायला मी स्वतः गेले आणि फरश्या किती नव्या, किती जुन्या ते बघून आले.

मग हिंगोली जिल्हा झाला. आधी आम्ही सगळे परभणीचे. जिल्हा झाल्यावर गावाचा नूरच पालटला. चहाच्या टपरीवर, बँकेत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉट. कलेक्टर ऑफिस कुठं होणार, रस्ता कुठून जाणार, कोणी कोणाच्या नावानं काय घेऊन ठेवलं. काल ज्वारी काढलेल्या रानात आज चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसायच्या. आमचे हे म्हणायला लागले, कळमनुरीच्या खोल्या विकू, इथं प्लॉट घेऊ, उद्या इथं जागा घेणं आपल्याला झेपायचं नाही.

म्हणणं रास्त होतं. मलाही भाड्याच्या घराचा कंटाळा आला होता. पण हे बोलणं निघालं की मी उठून आत जायचे. त्या खोल्या होत्या तोवर माझं म्हणून काही होतं. हिंगोलीतला प्लॉट दोघांच्या नावानं होणार, त्यावर बांधायला दादा पैसे देणार, म्हणजे ते घर सगळ्यांचं होणार. असं कोणी म्हटलं नव्हतं. मीच मनात लांबपर्यंत चालत गेले होते.

थोड्याच दिवसांत दादांनी एक दलाल पाठवला. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. पार्टी तयार आहे म्हणाला. मी मुद्दामच जरा जास्तीचा आकडा सांगितला. मला वाटलं, तो हसेल, डोक्याला हात लावेल, निम्म्यावर येईल. तो म्हणाला, "ठीक हाय बाई. कळवतो."

तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ह्यानं भाव केला नाही."

"मग चांगलंच झालं ना."

"टिनाच्या दोन खोल्या. सांगितल्या भावात कोण घेतं? आणि पार्टी कोण, ते सांगत का नाही?"

"तुला भाव कमी आला तरी शंका, बराबर आला तरी शंका," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

मी गप्प बसले नाही. कळमनुरीहून रोज जाऊन-येऊन करणारे एक गुरुजी आमच्या शाळेत होते. त्यांना विचारलं, तिकडं नांदेड रोड रुंद होणार आहे का, काही ऐकलंय का. ते म्हणाले, रस्त्याचं माहीत नाही. मग डबा उघडता उघडता म्हणाले, "पण बाई, तुमच्या घरी किती बिऱ्हाडं ठेवलीत? बाजाराच्या दिवशी ओसरीत वीस-पंचवीस माणूस असते. आणि नवीन मीटर बसून राहिलं होतं परवा, मी डोळ्यानं पाहिलं."

मीटर. माझ्या घराला नवीन मीटर, आणि मला पत्ता नाही. त्या दिवशी मुलांना गणितं घातली आणि तपासताना बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली आणि कोणाला न सांगता कळमनुरीची बस धरली. घरापाशी गेले तर गुरुजींनी सांगितलं ते खोटं नव्हतं. ओसरी भरलेली. बाया गाठोडी उशाशी घेऊन टेकलेल्या, दोन म्हातारे बिडी ओढत बसलेले, खांबाला एक शेळी बांधलेली. मला बघून एक म्हातारी उठली आणि मला बसायला जागा करून दिली. माझ्याच घरात. मी बसले नाही.

भाडेकरीण आतून आली. हाताला पीठ होतं.

"या बाई. कळवलं असतं तर पोरीला स्टँडवर पाठवलं असतं."

"हे कोण लोक आहेत?"

"तांड्यावरले. माझी सासू, चुलत सासू, शेजारच्या बाया. बाजाराला येत्यात, जीप भरंपर्यंत बसत्यात."

"दर बाजाराला?"

"व्हय."

पुढचं मी विचारायला नको होतं. पण तेच विचारायला मी आले होते. "त्यांच्याकडून काही घेतेस का?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "पाणी पेत्यात बाई," ती म्हणाली. "पाण्याचं काय घ्यावं?"

एका म्हाताऱ्यानं बिडी विझवली. मी मीटरकडं बोट केलं. ती सांगायला लागली. जुनं मीटर बंद पडलं होतं. लाइटवाला म्हणाला, मालकाच्या संमतीनं अर्ज करा, नवीन बसवून देतो. थोरल्या पोरीचं दहावीचं वर्ष, अंधारात अभ्यास कसा करायचा.

"अर्ज कोणाच्या नावानं केला?"

"माझ्या नावानं. तुमी हितं नव्हत्या."

"आणि मालकाची संमती?"

तिनं आत जाऊन एक कागद आणला. खाली सही होती. आमच्या ह्यांची.

"सायबांची सही हाय," ती म्हणाली. "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

मी कागद परत दिला. जाताना एवढंच म्हटलं, की ओसरीत असा बाजार भरलेला मला चालणार नाही. ती बरं म्हणाली. गल्लीच्या टोकाला येऊन मागं पाहिलं तर ती म्हातारी शेळी सोडत होती.

बसमध्ये खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते. ह्यांनी सही केली आणि मला सांगितलं नाही. घर माझं, सही ह्यांची. भाडेकरणीवरचा संशय त्या वीस किलोमीटरच्या रस्त्यात कुठंतरी उतरून गेला आणि घरी पोचेपर्यंत तो सगळा नवऱ्यावर येऊन बसला होता.

ते ऑफिसातून यायचे होते. मी लोखंडी पेटी उघडली. खरेदीखत त्यात पिशवीत असायचं. पिशवी होती, खत नव्हतं. मग मी त्यांची जुनी ऑफिसची बॅग काढली. सोळा वर्षांच्या संसारात मी त्यांच्या बॅगेला हात लावला नव्हता. आत माझं खरेदीखत होतं, त्याच्या दोन झेरॉक्स होत्या आणि एक टाइप केलेला मसुदा, इसार पावतीचा. घेणाऱ्याच्या जागी नाव लिहिलेलं होतं. ते दादांच्या जावयाचं होतं.

ते आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मी कागद पलंगावर मांडून बसले होते. त्यांनी चपला काढल्या, कागद पाहिले आणि तोंड धुवायला गेले. बराच वेळ पाणी वाजत राहिलं.

"जावयाला कळमनुरीत बी-खताचं दुकान टाकायचं आहे," ते बाहेर येऊन म्हणाले. "जागा स्टँडजवळची. भाव तू सांगितलास तोच देणार आहेत. एक रुपया कमी नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी कागद गोळा करायला लागले.

"सांग ना. पहिलं काय म्हणाली असतीस?"

"म्हणाले असते, यात काहीतरी आहे."

"मग?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, कधीच चढत नाही. "दादा म्हणाले, बाहेरचा माणूस म्हणून जाऊ दे. कागदावर सही करायच्या वेळेला सांगू. मला ते पटलं नव्हतं. पण तुझ्याशी भांडण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं."

"आणि मीटरची सही?"

"ती खरंच विसरलो."

त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं का, ते मला आजही माहीत नाही. बाकीचं सगळं खरं होतं.

रविवारी आम्ही दोघं जीपनं गोरेगावला गेलो. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली, आमच्या दोघांच्या मध्ये एका बाईची ज्वारीची थैली. ते बरंच झालं. दादा दुकानात गादीवर बसले होते. त्यांनी आम्हाला बघून गिऱ्हाईक पोरावर सोपवलं आणि घरात घेऊन गेले. पुतणी, त्याच जावयाची बायको, माहेरी आली होती. तिनं चहा आणून ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही.

"भाव बराबर होता का न्हाई?" दादांनी विचारलं.

"होता."

"मंग तुमाला तकलीफ काय झाली?"

मी म्हटलं, "नाव लपवलं ही."

"घरातल्या लेकीला पायजे म्हणून मागितलं असतं तर दिलं असतं तुमी?"

खरं तर दिलं असतं. कदाचित दिलं असतं. पण मी ते म्हणाले नाही, कारण दादा लगेच पुढं म्हणाले, "निम्मे आत्ता, निम्मे दोन हंगामानं. घरातलाच तर येव्हार हाय." ही गोष्ट दलालानं सांगितली नव्हती, ह्यांनीही सांगितली नव्हती. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते कपाकडं बघत होते. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, किंवा आधीपासून माहीत असावं. मी उठले आणि म्हटलं, खोल्या विकायच्या नाहीत.

त्यानंतर पुतणी आमच्या घरी कधी आली नाही. लग्नाकार्यात भेटते, पाया पडते, बोलते. पण घरी आली नाही. तिच्या नवऱ्यानं दुकान दुसरीकडं काढलं आणि ते चांगलं चाललं. दादांनी दोन हंगामांनी राहिलेले पैसे दिले असते, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

कळमनुरीत ओसरी रिकामी झाली होती. गुरुजींनी न विचारताच सांगितलं, आता बाजाराच्या दिवशी कोणी दिसत नाही, ती माणसं स्टँडच्या भिंतीपाशी बसतात. उन्हाळ्याचे दिवस होते. मला बरं वाटलं नाही, पण निरोपही पाठवला नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि भाडेकरीण एक दिवस हिंगोलीला आली. पत्ता विचारत विचारत आली होती. सोबत थोरली मुलगी. किल्ली तिनं माझ्या हातात दिली आणि एक कागद दिला. लाइटच्या ऑफिसात जाऊन तिनं मीटर माझ्या नावावर करून घेण्याचा अर्ज भरून आणला होता. खाली फक्त माझी सही बाकी होती, तिथं पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवली होती.

"तुम्ही का सोडताय?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

"वसतिगृहातच एक खोली भेटली," ती म्हणाली. मग चहा अर्धा ठेवून म्हणाली, "बाई, इकायचं असंल तर मला एक डाव सांगा. आमी चार घरं मिळून बघतो. बाजाराला आल्यावर बसायला जागा व्हईल, पोरी शिकायला राहतील."

मी म्हटलं, बघू. आणि ती गेल्यावर पहिला विचार आला तो हा, की हिच्याकडं एवढे पैसे कुठून येणार, आणि ते डांबर, तो चुना, त्या फरश्या याचसाठी होत्या की काय. असा विचार आला, हे मी कोणापाशी बोलले नाही.

पुढं दोन भाडेकरू झाले. पहिला एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस. त्याच्याकडं मी महिन्यातून दोनदा जायचे, कधी पाण्याचं निमित्त, कधी पत्र्याचं. एकदा तो आंघोळीला गेला असताना मी आतल्या खोलीत डोकावले. तो न्हाणीतून येऊन मागं उभा राहिला ते मला कळलं नाही. महिनाअखेरीला त्यानं घर सोडलं. दुसरा सहा महिने राहिला आणि जाताना भिंतीतल्या वायरी ओढून घेऊन गेला. मग वर्षभर कुलूपच होतं. पावसात पत्रा पुन्हा गळायला लागला.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, विकून टाकू. ते फक्त बरं म्हणाले. दलाल तोच आला. आता त्याच्या दोन्ही पेनांच्या जोडीला मोबाइल होता. ह्या वेळेला त्यानं भाव केला, आणि भरपूर केला. मी त्या पहिल्या भाडेकरणीला कळवावं का, असा विचार करत दोन रविवार घालवले. मग कळमनुरीला वसतिगृहात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, तिनं काम सोडून दोन वर्षं झाली. नांदेड रोडला गावाबाहेर चौघांत मिळून जागा घेतली, घर बांधलं. मला त्यांनी फाटकातूनच दिशा दाखवली.

मी चालत गेले. घर रस्त्याला लागूनच होतं. पुढं पत्र्याची मोठी पडवी, आणि त्या दिवशी बाजार नव्हता तरी तिथं दोन बाया बसल्या होत्या. मी पलीकडच्या झाडाखाली थोडा वेळ उभी राहिले. ओळख सांगून आत जायचं ठरवूनच आले होते, पण काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. समोरून हिंगोलीची बस आली. मी हात केला.

घेणारा माणूस कुठल्याशा खेड्यातला शेतकरी होता, मुलाला क्लाससाठी गावात ठेवायचं होतं. रजिस्ट्रीच्या दिवशी ऑफिसबाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला. त्यानं मला बरंच विचारलं. विहिरीचं पाणी कोणाचं, शेजारी कसे, पूर्वी कोण कोण राहून गेलं, कागदावर आणखी कोणाचा हक्क आहे का. उत्तर दिलं की तो क्षणभर माझ्या तोंडाकडं बघायचा, मग पुढचं विचारायचा. शेवटी म्हणाला, "बाई, येवढी मोक्याची जागा काहून इकून राहिल्या?"

"आम्ही आता हिंगोलीतच राहणार," मी म्हटलं.

त्याला ते पुरेसं वाटलं नाही, हे मला दिसत होतं. आत आमचं नाव पुकारलं. आम्ही उठलो आणि अंगठ्याला शाई लावून घ्यायला रांगेत उभे राहिलो.